कधी जातं?

मंगळवारी रात्री साडेआठची मीटिंग होती. सात चौकटींत सात माणसं, त्यातला एक न्यू जर्सीत बसून सकाळची कॉफी पीत होता. विषय होता शेतीपंपाच्या माहितीपुस्तिकेच्या भाषांतराचा. मी सांगत होते की 'प्रायमिंग'साठी कोशात डोकं घालून बसण्यापेक्षा 'पंपात आधी पाणी भरून घ्या' असं सरळ लिहू, वाचणाऱ्याला शेतात उभं राहून वाचायचंय. 'घ्या' म्हणेपर्यंत समोरचे सहाही चेहरे गोठले. एकाचा डोळा अर्धा मिटलेला, एकीचं तोंड उघडं. मग कोपऱ्यातला वाय-फायचा पंखा गेला आणि तिथे तो पृथ्वीचा गोल आला, म्हणजे नेट गेलं. अठराव्या दिवशी बहुधा चाळिसाव्या वेळी. मी टेबलावर हात आपटला. त्याच वेळी दारात बाबा उभे होते. अंगात बंडी, हातात औषधाच्या पाण्याचं भांडं. ते म्हणाले, "कधी जातं?"

मी मान न वळवता ओरडले. "बाबा, दिसत नाहीये का मीटिंग चालू आहे ते? सारखं काय मध्ये मध्ये!"

ते काही बोलले नाहीत. बाबा वाद घालणाऱ्यांतले नव्हेतच. चार मिनिटांनी मी मीटिंगमध्ये परत शिरले तेव्हा 'पूर्वभरण' हा शब्द एकमताने मंजूर होऊन चर्चा पाचव्या पानावर गेली होती, आणि मी नव्हते हे कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं. साडेनऊला उठून बाहेर आले. हॉलमधल्या शोकेसवर बाबांच्या कानाच्या मशीनची करड्या रंगाची डबी होती. आत मशीन, त्याचं बॅटरीचं इवलंसं दार उघडं ठेवलेलं. रात्री झोपताना ते असं उघडं ठेवतात, बॅटरी उतरू नये म्हणून. पण बाबा साडेदहाशिवाय मशीन काढत नाहीत. पलीकडे टीव्ही चालू होता, आवाज पूर्ण बंद, आणि बाबा पट्टीवरच्या बातम्या वाचत बसले होते.

ती उघडी डबी पुढे चार दिवस डोक्यातून जाईना.

लॅपटॉपचं दुखणं आधी सांगते. दिवसभर तो शहाण्यासारखा वागायचा. संध्याकाळ झाली की दर दहा-पंधरा मिनिटांनी संपर्क तुटायचा, कधी आपोआप जुळायचा, कधी मी राऊटरच बंद-चालू करायची. इंटरनेटवाल्यांचा मुलगा आला, हेल्मेट काखेत तसंच. त्याने राऊटरचे दिवे पाहिले, तांबडा दिवा नाही याची खात्री केली, स्वतःच्या मोबाइलवर वेग मोजला आणि पडदा माझ्यासमोर धरला. "नव्वद येतंय मॅडम. आमच्याकडून ओके आहे. लॅपटॉप दाखवून घ्या." म्हणून लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथे तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्या वाय-फायवर होता, एकदाही हूं की चूं नाही. दुकानदाराने ड्रायव्हर नवे टाकल्याचे तीनशे रुपये घेतले आणि म्हणाला, "आमच्याकडे तर मस्त चालतोय. तुमच्या नेटचं बघा." डॉक्टरसमोर गेल्यावर ताप उतरावा, तसं. त्या रात्री आठ वाजून बारा मिनिटांनी पृथ्वीचा गोल हजर. आता वाटतं, दोघेही खरंच सांगत होते. लॅपटॉप ठणठणीत होता, नेटही ठणठणीत होतं. पण दोन निर्दोष माणसांच्या मधोमध आपण उभे असलो की संशय आपल्यावरच येतो. मी काहीतरी चुकीचं दाबत असणार, अशी माझी मलाच खात्री वाटायला लागली होती.

मग बंगळुरूचा भाचा. "मावशी, नवीन काय केलंस?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, काहीच नाही. हे उत्तर लक्षात ठेवा. त्याने फोनवरून मला लॅपटॉपच्या पोटात उतरवलं. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अॅडाप्टर, पॉवर मॅनेजमेंट. तिथे एक चौकट असते, तिच्यात खूण केलेली असली की वीज वाचवण्यासाठी संगणक वाय-फायचं यंत्र परस्पर झोपवू शकतो. आपण थोडा वेळ स्वस्थ बसलो की ते डुलकी काढतं आणि उठताना कधीकधी धडपडतं. खूण काढली. दोन तास बरे गेले, मला वाटलं देव पावला. मग पुन्हा तेच. भाच्याने आजूबाजूची नेटवर्कं मोजायला सांगितली. आमच्या इमारतीत माझ्या टेबलावरून तेवीस दिसली. 'साईकृपा', 'पासवर्ड विचारू नये', कुणाच्या तरी टीव्हीचं एक, आणि एक नुसतंच 'घर'. या सगळ्यांना मिळून एकच अरुंद बोळ आहे, २.४ गिगाहर्ट्‌झचा. त्यात एकमेकांच्या पायावर पाय न देता उभं राहायच्या जागा तीनच, चॅनेल एक, सहा आणि अकरा. बाकीच्या चॅनेलवर बसणारा दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना कोपरं मारतो. आमचा राऊटर सहावर होता, आणि तिथे आणखी नऊ जण. त्याला अकरावर हलवला. फरक पडला म्हणावा तर पडला, नाही म्हणावा तर नाही.

या बोळाची एक गंमत आहे. आपल्याकडे २००५ साली सरकारने हा पट्टा परवानामुक्त केला, म्हणून तेवीस घरं कुणाला न विचारता त्यात बोलू शकतात. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नव्हता. घरात नुसता ऐकायचा रेडिओ असला तरी पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स नवं करून आणायच्या जमान्यातला माणूस. "म्हणजे कुणीही काहीही लावायचं?" म्हणाले होते. कुणीही काहीही लावायचं, बाबा. मायक्रोवेव्हसुद्धा त्याच पट्ट्यात.

मायक्रोवेव्हवर सगळ्यांचाच संशय होता. भाच्याचा, वॉचमनचा, शेजारच्या काकूंचा. आणि वेळही जुळत होती, कारण आठ-सव्वाआठला मी बाबांचं सूप त्यात गरम करते. त्याच्या पोटातल्या लहरी २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, दार कितीही घट्ट असलं तरी थोड्या झिरपतातच. तेव्हा चार दिवस मायक्रोवेव्ह बंद. सूप गॅसवर, दूध गॅसवर, आणि ते उतू गेल्यावर ओटा पुसणंही माझ्याकडेच. बाबांनी विचारलं, "बिघडला का?" मी म्हटलं, "हो." लॅपटॉपचं एवढं रामायण त्या क्षणी त्यांच्या कानात ओतायचं जिवावर आलं होतं. चार दिवस गोल यायचा तो आलाच. पाचव्या दिवशी मी चाचणीच घेतली. काळी खिडकी उघडून राऊटरला सारखी हाक मारत ठेवली, पिंग म्हणतात ते, प्रत्येक हाकेला ओ यायला किती वेळ लागला ते त्यात आकड्याने दिसतं, आणि मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा कप ठेवून दोन मिनिटं लावली. आकडे वरखाली झाले, दोन हाका वाया गेल्या, पण दोर तुटला नाही. नंतर कळलं की घरगुती मायक्रोवेव्ह विजेच्या प्रत्येक आवर्तनात अर्धा वेळच बोंबलतो आणि अर्धा वेळ गप्प असतो. सेकंदाला पन्नास वेळा मिळणाऱ्या त्या फटींतून वाय-फाय आपलं बोलणं कसंबसं सरकवतं. बिचारा दोन मिनिटांचा गुन्हेगार, आणि मी त्याला चार दिवस वाळीत टाकलं.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबा १९६६ साली डाक-तार खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि २००४ मध्ये फोन मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात खात्याच्या पाट्या बदलल्या. १९८५ला डाक वेगळी आणि दूरसंचार वेगळं झालं, २०००च्या ऑक्टोबरात बीएसएनएल आलं. बाबांची सायकल, खांद्यावरची कातडी पिशवी आणि तिच्यातला काळा टेस्ट फोन मात्र बराच काळ तोच राहिला. मिरजेत पावसाळा लागला की १९८वर तक्रारींचा पाऊस पडायचा. जमिनीखालच्या केबलींच्या तारांना कागदाचं वेष्टण, वरून शिशाचं कवच. कुठेतरी जॉइंटला चीर गेली की कागद पाणी प्यायचा आणि अर्ध्या पेठेचे फोन आजारी पडायचे. बाबा खांबावर चढून डीपीचं, म्हणजे घरोघरच्या तारा जिथून फुटतात त्या पेटीचं, झाकण उघडायचे, टेस्ट फोनचे चिमटे तारेला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मी खाली सायकल धरून उभी. कितवीत असेन, तिसरी-चौथीत. वरून निदान यायचं. "ओली आहे." ओल्या तारेचा आवाज भजी तळल्यासारखा येतो, हे त्यांनी मला एकदा ऐकवलंही होतं. अगदी तसाच, चुर्र चुर्र. विजेच्या तारांची सावली पडली असेल तर सलग जाडसर गुणगुण. आणि शेजारच्या जोडीतून गळती असेल तर तिसऱ्याच कुणाचं बोलणं, पाण्याखालून आल्यासारखं. बाबा ते ऐकल्यावर चिमटे पटकन काढायचे. लोकांचं बोलणं कानात साठवायचं नाही, असा त्यांचा एक नियम होता. गावातली निदान पन्नास लफडी त्यांना माहीत असणार असं आई म्हणायची. त्यांच्या तोंडून एकही बाहेर पडलं नाही.

दोष शोधायची त्यांची एक रीत होती, ती मी किती वेळा पाहिली असेल. आधी प्रश्न. तक्रारदार दार उघडून 'फोन बंद आहे' म्हणाला की बाबा चप्पल काढता काढता विचारायचे, "कधी जातो?" सकाळी जातो की रात्री, पाऊस पडताना की थांबल्यावर, बोलता बोलता की उचलतानाच? कुठे, कसा, का हे नंतर. लोक वैतागायचे. एक दुकानदार म्हणाला होता, "अहो, जातो म्हणजे जातो, त्यात कधी काय?" बाबा शांतपणे, "दुकानाचा पंखा लावल्यावर जातो का?" आणि पंख्याच्या रेग्युलेटरची वायर खरंच फोनच्या तारेला चिकटून गेलेली निघाली. दुसरी रीत म्हणजे अर्ध्यात तोडणं. एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तार दोन मैल असली तरी मैलभर चालत बसायचं नाही. मधल्या कॅबिनेटपाशी ती सोडवायची आणि दोन्हीकडे ऐकायचं. खरखर ज्या बाजूला, तो अर्धा धरायचा, त्याचा पुन्हा अर्धा. आणि तिसरी गोष्ट, ती रीत म्हणण्यापेक्षा अनुभव. "काही केलं नाही" असं गिऱ्हाईक म्हणालं की समजायचं, काहीतरी केलंय आणि ते त्याच्या हिशेबात धरलेलं नाही. नवीन सोफा आणलेला असतो आणि त्याच्या पायाखाली वायर चेपलेली असते. सोफा म्हणजे काही फोनला केलेलं नव्हे ना!

असा माणूस आज एक्क्याऐंशीचा आहे आणि त्याला ऐकू येत नाही. खरं तर हे वाक्यही तंतोतंत खरं नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. उंच पट्टीतले आवाज आधी गेले, त्याबरोबर स, श, त, फ गेले. 'सात' की 'हात' की 'आठ', हे तोंडाकडे बघून ठरवावं लागतं. मशीन आणलं तेव्हा मला वाटलं होतं प्रश्न मिटला. मशीनने सगळंच मोठं केलं. कुकरची शिट्टी, ताटलीवर चमचा, पंखा, रिक्षा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी मी. गेल्या दिवाळीत घरात चौदा माणसं होती तेव्हा बाबांनी मशीन काढून खिशात टाकलं. आत्या म्हणाली, "अरे, एवढ्या माणसांत मशीन काढतोस?" ते म्हणाले, "एवढी माणसं आहेत म्हणूनच." सगळे हसले. मीही हसले होते.

लहानपणी आमच्या घरात गोंगाटात बोलणं बुडण्याच्या याच प्रश्नावरून रोज सकाळी भांडण व्हायचं. सात-पाचला प्रादेशिक बातम्या लागायच्या आणि नेमकी त्याच वेळी आई चटणीसाठी मिक्सर लावायची. मिक्सर फिरला की रेडिओत बातम्यांच्या जागी नुसता खडखडाट. मोटारीच्या ब्रशपाशी ठिणग्या उडतात, प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसं बेशिस्त रेडिओ केंद्र. बाबा आतून, "अगं, बातम्या!" आई, "अहो, डबे!" सांगलीचं केंद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्याचा आवाज घरात एरवी दणदणीत यायचा. पण ओट्यावरचा दीड वितीचा मिक्सर त्याला सहज गिळून टाकायचा. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा आता माझ्याकडे पुण्यात असतात, चटणी मी विकत आणते, आणि सात-पाचचा रेडिओ लावणारं घरात कुणी उरलेलं नाही.

शुक्रवारी रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला. भाच्याने एक आज्ञा पाठवून ठेवली होती, मी ती टाळत होते कारण ती इंग्रजीत, लांबलचक आणि भीतिदायक दिसत होती. 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट'. ती दिल्यावर विंडोज गेल्या तीन दिवसांचा वाय-फायचा जमाखर्च काढून देतं. कधी जुळलं, कधी तुटलं, आणि लाल वर्तुळातली प्रत्येक चूक, वेळेसकट. मी वही घेऊन वेळा उतरवायला बसले. बुधवारी ८.०४, ८.१९, ८.२७, ८.५०, ९.१५. गुरुवारी ८.३१पासून १०.०२पर्यंत सात वेळा. आजचा शुक्रवार जवळजवळ कोरा, एकदाही तुटलं नव्हतं. वहीवर वरती मथळा द्यायचा म्हणून मी सवयीने लिहिलं, 'कधी जातं'. लिहिल्यावर पेन तसंच हातात राहिलं.

बाबांनी मंगळवारी दारात उभं राहून हाच प्रश्न विचारला होता. त्यांना काय ऐकू आलं असेल कोण जाणे. टेबलावर हात आपटल्याचं दिसलं असेल, पडद्यावर गोठलेली माणसं दिसली असतील. ते मध्ये मध्ये करत नव्हते. ते तक्रार नोंदवून घेत होते.

शुक्रवारी काय केलं नव्हतं, हे मग सोपं होतं. शुक्रवारी मी डिस्क लावली नव्हती. मागे एकदा माझं एकशेचाळीस पानांचं भाषांतर एका रात्रीत नाहीसं झालं होतं, तेव्हापासून मी धसका घेतलेला. महिन्याच्या सुरुवातीला नवी बाहेरची हार्ड डिस्क आणली आणि रोज जेवणाआधी तिच्यावर दिवसाचं काम उतरवायचा नेम केला. एकदा लावली की काढायचं राहून जायचं, ती रात्रभर आपली गुरगुरत पडलेली. टेबलावर जागा नको अडायला म्हणून मी ती पडद्याच्या मागे, बिजागरीला टेकवून उभी ठेवायची. भाच्याने 'नवीन काय केलंस' विचारलं तेव्हा ती मला आठवलीच नाही. डिस्क म्हणजे काही वाय-फायला केलेलं नव्हे ना! दुकानात ती बरोबर नव्हती. इंटरनेटवाला मुलगा दुपारी आला होता.

रात्री एक वाजता पिंग लावून डिस्क जोडली. पहिली काही सेकंदं चार, तीन, चार मिलिसेकंद. मग डिस्कवर मोठी फाइल उतरवायला टाकली. ऐंशी, दोनशे दहा, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', आणि पृथ्वीचा गोल. वायर उपटली. गोल गेला, चार, तीन, चार. असं मी पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच. आनंद झाला आणि लगेच त्याच्या मागून लाजही वाटली, रात्री एकला एकटीनेच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

मग वाचत बसले. हे काही माझ्या घरातलं नवल नव्हतं. निळ्या तोंडाच्या ज्या वेगवान यूएसबी खाचा असतात, यूएसबी ३च्या, त्यांतून सेकंदाला पाच अब्ज बिट पळतात. त्या पळापळीचा गलका वायरीतून आणि खाचेतून बाहेर सांडतो, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या बोळातही पसरतो. इंटेलने २०१२ सालीच यावर एक टिपण काढलं होतं. यंत्र अँटेनाजवळ असेल तर तिथला गोंगाट वीस डेसिबलपर्यंत, म्हणजे शंभरपट चढू शकतो, असं त्यात मोजून दाखवलेलं आहे. लॅपटॉपचे अँटेना बहुधा पडद्याच्या कडेत नाहीतर बिजागरीपाशी दडवलेले असतात. म्हणजे मी डिस्क थेट त्याच्या कानालाच टेकवून ठेवली होती. दोन भिंतींपलीकडून राऊटर जे बोलतो ते टेबलापर्यंत पोचताना केवढं उरतं, तर निघताना दहा कोटी असेल तर पोचताना एक. तो सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी आहे, मी आहे' अशी खूण पाठवत असतो. लॅपटॉपला अशा बऱ्याच खुणा लागोपाठ ऐकू आल्या नाहीत की तो समजतो, राऊटर गेला, आणि स्वतःच दोर सोडून देतो. राऊटर बिचारा तिकडे हॉलमध्ये बोलतच असतो. माझा मोबाइल त्याच टेबलावर व्यवस्थित चालायचा, कारण त्याच्या कानाशी कुणी गुरगुरत नव्हतं.

आम्ही एकदा खोडदला गेलो होतो, नारायणगावजवळ, तिथल्या रेडिओ दुर्बिणीपाशी, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. तिथे मोबाइल बंद करायला लावतात. दूरच्या आकाशगंगेकडून येणारी लहर इतकी क्षीण, की खिशातला फोनसुद्धा तिच्यावर आरडाओरडा केल्यासारखा. बाबांना तेव्हा ऐकू यायचं. तिथल्या माणसाला त्यांनी विचारलं होतं, "पावसाळ्यात त्रास होतो का?" दुर्बिणीबद्दल विचारायला येणाऱ्या गर्दीत हा प्रश्न कुणाचा नसावा. त्या माणसाने त्यांना बाजूला नेऊन बराच वेळ केबलींबद्दल सांगितलं. मला त्या वेळी फक्त ऊन लागत होतं आणि परत कधी निघायचं एवढंच डोक्यात होतं.

उपाय साधा निघाला. दीडशे रुपयांची मीटरभराची वायर आणली, डिस्क टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या मागे गेली. लॅपटॉपला शक्य तेव्हा ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर बसवलं. तिथे हा गलका फारसा पोचत नाही. पण त्या लहरी दोन भिंतींतून येता येता दमतात, त्यामुळे रेषा दोनच दिसतात. एवढं चालतं. 'पूर्वभरण' मात्र पुस्तिकेत राहिलं ते राहिलंच.

शनिवारी सकाळी चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेले. त्यांना सगळं सांगायचं होतं. माफी वगैरे मागायची आमच्या घरात पद्धत नाही. आई रुसवा काढायला थालीपीठ लावायची, मला तेही नीट जमत नाही. त्यांनी मशीन घातलेलं नव्हतं. नवी बॅटरी काढून तिच्यावरचा नारिंगी कागद सोलून टेबलावर ठेवली होती. कागद काढल्यावर तिला मिनिटभर हवा खाऊ द्यावी लागते, मग घालायची. हे दुकानदाराने एकदा सांगितलं, तेव्हापासून बाबा घड्याळ लावून मिनिट मोजतात. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला, पिंगची काळी खिडकी उघडली आणि अक्षरं मोठी केली. बाबांनी चष्मा बदलला. मी डिस्क आणून पुन्हा जुन्या जागी, बिजागरीला टेकवून धरली आणि खूण केली, बघा. चार, तीन, चार, तीन. वायर घातली. पंच्याण्णव. तीनशे सात. टाइम्ड आउट.

बाबा पुढे झुकले. बोट पडद्याला लावून एकेक ओळ खालपर्यंत वाचली.

"काढ," म्हणाले.

काढली. चार. तीन. चार.

"घाल."

घातली. ते आकड्यांकडे बघत होते आणि त्यांचे डोळे हळूहळू बारीक झाले, खांबावर चढून ऐकताना व्हायचे तसे. "भजी," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. मग डिस्क माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच लांब न्यायला लागले. एक वीत, आकडे थोडे उतरले. दोन विती, आणखी उतरले. हात पूर्ण लांबवला तेव्हा चार आलं. तिथून पुन्हा जवळ आणली, पुन्हा लांब. बॅटरीचं मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं, ती टेबलावर तशीच पडली होती. मी आठवण करायला तोंड उघडलं, पण आवाज चढवावा लागला असता, म्हणून राहू दिलं.

"परत घाल," बाबा म्हणाले. चहावर साय धरली होती.